साइटशिवाय सिव्हिलची पदवी देऊ नका

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या स्थापत्य अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,



नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बसवण्याचं काम तुमच्याकडे आहे. कोणता विषय सक्तीचा, कोणता ऐच्छिक, कशाला किती क्रेडिट, इंटर्नशिपचे गुण कोणी आणि कशावर द्यायचे, हे शेवटी तुमच्या बैठकीत ठरतं. दिल्लीची तंत्रशिक्षण परिषद चौकट आखून देते, मंत्रालय शासन निर्णय काढतं. पण सिव्हिलच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी नेमकं काय करून दाखवावं लागेल ते तुम्ही लिहिता. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा कुलगुरूंना न लिहिता तुम्हालाच लिहिते आहे.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. ऑफिस सांगलीत, कामं जतपासून रत्नागिरीपर्यंत. सुरुवातीची वर्षं ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून काढली. आता ओरल-प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणूनही जाते. तुमची मुलं मला आधी परीक्षेच्या टेबलापलीकडे भेटतात आणि काही महिन्यांनी बायोडाटा घेऊन ऑफिसात येतात. दोन्हीकडे जे दिसतं त्यावरून माझी मागणी एकच आहे: साइटवर प्रत्यक्ष केलेलं काम ही पदवीची खरी अट करा. इतकी खरी, की ती पूर्ण न करणारा विद्यार्थी त्या सत्रात नापास होईल.

हे पत्र पालकही वाचतील, म्हणून आजच्या अटी थोडक्यात सांगते. बारावी विज्ञानला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४०, आणि सीईटी. नाहीतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मग चार वर्षं, आठ सत्रं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एकूण क्रेडिट १६० वर आणले. आपल्या राज्याच्या नव्या आराखड्यात ते १६० ते १७६ च्या दरम्यान आहेत. त्यात मेकॅनिक्स, सर्व्हेइंग, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, फ्लुइड, स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, सॉइल, काँक्रीट, हायड्रॉलॉजी, आरसीसी आणि स्टीलचं डिझाइन, रस्ते, पाणीपुरवठा, एस्टिमेटिंग हे सगळं येतं. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, दुसऱ्या शाखेतला मायनर, प्रोजेक्ट, आणि एक अख्खं सत्र इंटर्नशिप. विषयांच्या यादीवर माझी तक्रार नाही. यातलं जे जे मी शिकले ते सगळं मला पुढे कधी ना कधी लागलं.

तक्रार आहे ती वजनाबद्दल. व्याख्यानाचा आठवड्याला एक तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट. हाताने केलेलं काम पहिल्यापासून अर्ध्या भावाने मोजलं जातं. आणि त्या प्रॅक्टिकलचं जर्नल एकाच्या वहीवरून साठ वह्यांत उतरतं, हे तुम्हीही सबमिशनच्या आठवड्यात पाहता.

डॉक्टर व्हायला साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते; ती पूर्ण झाल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. वकिलाला १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आहे, सनद आहे. वास्तुविशारदाला १९७२ चा कायदा आहे, परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. अमेरिकेत सिव्हिलची पदवी घेतलेल्या मुलाला एक परीक्षा द्यावी लागते, मग साधारण चार वर्षं अनुभवी अभियंत्याच्या हाताखाली काम, मग दुसरी परीक्षा; त्यानंतर त्याच्या शिक्क्याला किंमत येते. आपल्याकडे अभियंत्यांची देशपातळीवर अशी नोंदणी नाही. महापालिका आणि नगरपालिका आपापल्या नियमांनी परवाने देतात, स्ट्रक्चरल इंजिनिअरसाठी अनुभवाची अटही घालतात. पण साइटवर उभा राहून ओतकाम करून घेणाऱ्या, मोजमापं घेणाऱ्या, ठेकेदाराच्या बिलावर पहिली सही करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला पदवीनंतर कोणीही पुन्हा तपासत नाही. तुमची पदवी हाच त्याचा परवाना. पुढे दुसरी चाळणी नाही, त्यामुळे तुमच्या अटींवर जेवढा भार आहे तेवढा इतर कुठल्याही अभ्यासमंडळाच्या अटींवर नाही.

काय राहून जातं ते एका उदाहरणाने सांगते. एका कॉलेजात आरसीसीच्या ओरलला एक मुलगा आला. हुशार, नीटनेटका, आधीच्या सगळ्या सत्रांत वरचे गुण. मी विचारलं, समुद्रकाठच्या इमारतीला सळईवर कव्हर किती ठेवशील? त्याने आयएस ४५६ मधला तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. माइल्ड २० मिलिमीटर, मॉडरेट ३०, सिव्हिअर ४५, व्हेरी सिव्हिअर ५०, एक्स्ट्रीम ७५. एकही आकडा चुकला नाही. मग विचारलं, हे ४५ मिलिमीटर साइटवर राहतात कसे? तो म्हणाला, "डिझाइनमध्ये घेतो ना, मॅडम." मी म्हटलं, काँक्रीट ओतताना सळई खाली बसू नये म्हणून तिच्याखाली काय ठेवतात? तो गप्प राहिला. त्याने कव्हर ब्लॉक कधी पाहिलाच नव्हता.

आता स्लॅब भरायचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून गँग आलेली, पंपाचा आवाज, सळईच्या जाळीवरून दहा-बारा माणसं चालतायत, व्हायब्रेटरची नळी ओढत एक जण मागे सरकतोय. सिमेंटच्या काही कव्हर ब्लॉकच्या बाजू वेगवेगळ्या मापांच्या असतात: एक बाजू २५ ची, दुसरी ४० ची. पाय लागून असा ब्लॉक आडवा पडला की कव्हरचं माप बदललं. चार ब्लॉक जाळीखालून निसटले की सळई थेट फळीवर टेकली. वरून काही दिसत नाही. फळ्या निघाल्यावर खाली दोन ठिकाणी सळईची काळी रेघ दिसते, मिस्त्री तिथे सिमेंटचा हात मारतो, आणि काम पुढे जातं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्याच जागी काही वर्षांत गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो काँक्रीटला आतून फोडतो, आणि राहणाऱ्यांच्या डोक्यावर पोपडे पडायला लागतात. हे सगळं ओतकामाच्या त्या दोन तासांत ठरलेलं असतं. तेव्हा वाकून जाळीखाली बघायचं असतं, हे त्या हुशार मुलाला चार वर्षांत कोणी दाखवलं नाही.

पाण्याचंही तेच. वॉटर-सिमेंट रेशो सगळ्यांना पाठ असतो. ०.५० म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी, हा गुणाकार मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही. साइटवर माल घट्ट वाटला की मिक्सरवाला डबा उचलतो आणि पाच लिटर वाढवतो. काम सोपं जातं, गँग खूश. रेशो झाला ०.६०. आयएस ४५६ ही मर्यादा देतं ती सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला. स्लॅब त्याच दिवशी कमकुवत झालेला असतो, क्यूबचा निकाल २८ दिवसांनी येतो. त्या क्षणी मिक्सरजवळ उभं राहून, वयाने दुप्पट असलेल्या मुकादमाला "काका, पाणी घालू नका, स्लंप मी मोजतो" असं सांगायला धीर लागतो. तो वर्गात येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी काही आठवडे उभं राहिलं की यायला लागतो.

आता इंटर्नशिपबद्दल. नव्या आराखड्यात सत्रभराची इंटर्नशिप आणि तिला १२ क्रेडिट आले, ही सिव्हिलच्या शिक्षणात बऱ्याच वर्षांनी झालेली मोठी चांगली गोष्ट आहे. ती वाया जाऊ देऊ नका. कारण आत्तापर्यंतच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. पालक ऑफिसात येतात आणि सरळ सांगतात, "मॅडम, नुसतं सर्टिफिकेट द्या, मुलाचा गेटचा क्लास चालू आहे." मी देत नाही, दुसरीकडे मिळतं. त्या कागदावर तारखा असतात, शिक्का असतो, वर्तणूक चांगली असल्याचं वाक्य असतं. काम तेवढं नसतं. काही जण घरी बसून सॉफ्टवेअरचा ऑनलाइन कोर्स करतात आणि तोच इंटर्नशिप म्हणून जमा होतो. कॉलेज तपासत नाही, कारण तपासायला काही मागितलेलंच नसतं. १२ क्रेडिटचं सत्र याच मार्गाने गेलं, तर विद्यार्थ्याचे चार महिने जातील आणि आधी शिकायला मिळत होते ते विषयही.

म्हणून मागायचं काय ते लिहून ठेवा. सर्टिफिकेटला गुण देऊ नका. रोजची साइट डायरी मागा: तारीख, हवामान, किती मिस्त्री, किती बिगारी, किती पोती सिमेंट लागलं, काय भरलं, कुठून कुठपर्यंत, ओतकाम किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, आणि का थांबलं. ही डायरी नकलून काढता येत नाही. काढली तर दुसऱ्या प्रश्नाला पकडली जाते. विद्यार्थ्याने एका तरी इमारतीची लाइन-आउट स्वतः द्यावी. बुर्ज्या उभ्या करून, दोरी ताणून, ३-४-५ ने काटकोन काढून, कर्ण तपासून. स्तंभाच्या सळईचं शेड्यूल स्वतः काढावं आणि बार बेंडरकडे जाऊन रिंगांचे हूक १३५ अंशांत वळलेत की ९० अंशांत, ते पाहावं. भूकंपाचा हिसका बसला की ९० अंशांची रिंग उघडते आणि स्तंभ आतून मोकळा होतो. हे पुस्तकात एका आकृतीत असतं, आणि साइटवर वेळ वाचवायला रोज मोडलं जातं. आपल्या हाताने भरलेले तीन क्यूब सत्र संपायच्या आत त्याच्याच डोळ्यांसमोर फुटायला हवेत.

आणि परीक्षा साइटवर घ्या. बाहेरचा परीक्षक आणि कॉलेजचा गाइड, दोघांनी त्या जागेवर जावं. अर्धा तास पुरतो. "ही भिंत कुठे थांबणार?", "हा जॉइंट इथेच का घेतला?", "काल किती घनमीटर झालं, क्यूब किती काढले?" असे प्रश्न. १६ ते ३० घनमीटर ओतकामाला आयएस ४५६ प्रमाणे तीन नमुने लागतात, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. जो तिथे होता तो बोटांवर मोजून सांगेल. जो नव्हता तो सांगू शकणार नाही, आणि त्याला पुढच्या हंगामात पुन्हा यायला सांगा. एका परीक्षकाच्या प्रवासभत्त्याचा प्रश्न निघेल हे मला माहीत आहे. पेपर तपासणीवर आणि सेंटरवर आपण जो खर्च करतो त्यापुढे हा फार नाही.

आणखी एक अट सुचवते, तिला पैसेही लागत नाहीत. सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावची माती आणावी. प्रयोगशाळेत बादलीत ठेवलेली, वर्षानुवर्षं तीच वापरली जाणारी माती नको. फ्री स्वेल इंडेक्सची चाचणी पाहा: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती, १०० मिलिलिटरच्या दोन नळ्या, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि २४ तास वाट. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली जतची किंवा परभणीची काळी माती डोळ्यांना दिसेल इतकी वर येते. शेजारच्या नळीत कोकणातल्या मुलाने आणलेली जांभ्याची माती जागची हलत नाही. ज्या मुलाच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलेली आहे, दर उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, त्याला त्या नळीपुढे उभं राहून आपल्याच घराचं कारण कळतं. मग मुरूम भरून पाया का घेतात, काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल का घालतात, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्याची माती अशी जमत गेली तर प्रत्येक कॉलेजात आपल्या पंचक्रोशीची नोंद तयार होईल. ती स्थानिक ठेकेदारांनाही उपयोगी पडेल.

जुन्या बांधकामाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. तुमचा अभ्यासक्रम नवीन बांधायला शिकवतो. पण आजचा विद्यार्थी पुढची तीस वर्षं जे काम करणार आहे त्यातलं फार मोठं काम उभ्या असलेल्या बांधकामांचं असेल: तपासणं, दुरुस्त करणं, आणि वेळेवर "हे रिकामं करा" असं सांगणं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. राज्यभर अशा किती सोसायट्या आहेत ते डोळ्यांपुढे आणा. हे ऑडिट करायचं कोणी? दुरुस्ती आणि पुनर्बळकटीकरण हा विषय अनेक अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय आहे, आणि मुलं ज्यात गुण सहज मिळतात तो दुसरा ऐच्छिक विषय घेतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, त्याबरोबर दोन एसटी बसगाड्या गेल्या. मुंबईत १४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट त्याआधी झालेलं होतं. जबाबदारी कोणाची होती ते चौकशांनी आणि न्यायालयांनी ठरवावं. मला एवढंच विचारायचं आहे की तुमच्या हातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती मुलांनी चार वर्षांत एकदा तरी पुलाखाली उतरून खांबाचा पाया पाहिला आहे, पुरात माती किती खरवडली गेली ते मोजलं आहे? हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकला आहे? रिबाउंड हॅमर हातात धरून एकाच भिंतीवर दहा जागी दहा वेगळे आकडे पाहिले आहेत, आणि त्यातून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही ते लिहून काढलं आहे? एका जुन्या बांधकामाची पूर्ण तपासणी आणि त्याचा अहवाल, ही पदवीची सक्तीची अट असली पाहिजे. कॉलेजची स्वतःची जुनी इमारत चालेल. गावची जिल्हा परिषदेची शाळा चालेल, त्या शाळेलाही फायदा होईल.

मराठवाड्यातल्या सहकाऱ्यांना किल्लारीच्या भूकंपाची आठवण मी करून द्यायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी माणसं गेली ती माळवदाच्या घरांत झोपलेली होती: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छत. तेव्हाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये नकाशा बदलला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात आलं. दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे जोडदगड आणि लिंटलच्या पातळीवर सलग फिरणारा बँड, एवढ्याने अशा भिंती उघडून पडण्यापासून पुष्कळ वाचतात. खेड्यांत अजूनही भारवाहक भिंतींची घरं मोठ्या संख्येने आहेत. तरी आपल्या पदवीत दगड-विटांच्या बांधकामाला एखादं प्रकरण मिळतं आणि मुलं ते ऑप्शनला टाकतात. तो भाग ऑप्शनला टाकता येणार नाही अशी प्रश्नपत्रिका काढा, एवढं तर तुमच्या हातात आहे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. मुलांना ते आलंच पाहिजे, माझ्या ऑफिसातही दिवसभर तेच चालतं. पण एका साध्या बीमचा बेंडिंग मोमेंट कागदावर काढून मगच मॉडेल सुरू करायचं, ही सवय ज्याला नाही त्याला स्क्रीनवरचा चुकलेला सपोर्ट दिसत नाही. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला लॅपटॉप बंद करून एका बीमचं उत्तर हाताने मागा. आणि एस्टिमेटिंगला दरसूची समोर ठेवून खऱ्या खोलीचं अंदाजपत्रक करून घ्या; मोजमाप पुस्तिकेत नोंद कशी होते, खाडाखोड का चालत नाही, मोजमाप घेणाऱ्याची सही म्हणजे काय, हे त्याच वेळी समजावून द्या. सरकारी कामातला पैसा त्या पुस्तिकेच्या पानांवरून जातो.

मुलींचं मला वेगळं लिहायचं आहे, कारण साइटची अट आली की पहिली सवलत त्यांना दिली जाईल आणि तिथेच त्यांचं नुकसान होईल. प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी राज्याने पूर्ण माफ केली. म्हणजे मुली येणार, आणि याव्यातच. पण इंटर्नशिपला त्यांना "ऑफिसात बस, ड्रॉइंग कर" असं सांगितलं जातं, आणि चार वर्षांनी मुलाखतीत साइटचा अनुभव नाही म्हणून नाकारलं जातं. साइटवर स्वच्छतागृह नाही, हे कारण सगळ्यात जास्त वेळा पुढे येतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच साइटवर स्वच्छतागृह सक्तीचं केलं होतं. तिथे काम करणाऱ्या बायकाही रोज त्याच्याविना राहतात. ज्या साइटवर ते नाही ती इंटर्नशिपसाठी मान्य करू नका. तुमच्या एका नियमाने विद्यार्थिनींची सोय होईल आणि विटा वाहणाऱ्या बाईचीही. आणि मुलींना दोघी-दोघींच्या जोडीने पाठवा, म्हणजे घरच्यांनाही धीर येतो.

तुमच्या अडचणी मी ऐकल्या आहेत. इतक्या साइट कुठून आणायच्या? सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, महापालिका, जलजीवन मिशनची गावोगावची कामं, घरकुलं, रस्ते. कॉलेजच्या वीस किलोमीटरच्या आत काम चालू नाही असा तालुका मला महाराष्ट्रात दाखवा. लागतो तो विभागाशी एक लेखी करार. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झालं ते मुळात सार्वजनिक बांधकामाला माणसं हवी होती म्हणून. रुडकीचं १८४७ चं कॉलेज गंगा कालव्याच्या कामामुळे आलं. कॉलेज आणि बांधकाम खातं यांचं हे नातं जुनं आहे, ते पुन्हा जोडायचं आहे. दुसरी अडचण शिक्षकांची: अनेक तरुण प्राध्यापक एम.टेक. करून थेट वर्गात आले, त्यांनी स्वतः साइट केलेली नाही. मग विद्यार्थ्यांबरोबर तेही येऊ देत. आमच्यासारख्यांना त्याचा त्रास नाही, आनंदच आहे. तिसरी अडचण अशी सांगतात की निम्म्या मुलांना आयटीत किंवा स्पर्धा परीक्षांना जायचं असतं, त्यांना कशाला ही सक्ती? एमपीएससीतून जो उपअभियंता होईल त्याच्याच ताब्यात तालुक्याचे पूल जाणार आहेत. त्याला ही सक्ती सगळ्यात जास्त हवी. आयटीत जाणाऱ्यालाही आपण सिव्हिल इंजिनिअर असल्याचाच कागद देणार आहोत.

तीन वर्षांनी बी.व्होक. घेऊन बाहेर पडण्याची वाट नव्या आराखड्यात आहे. तिच्याबद्दलही ठरवा. सत्रभराची इंटर्नशिप चौथ्या वर्षात ठेवली, तर तीन वर्षांनी बाहेर पडणारा मुलगा, म्हणजे जो बहुधा थेट साइटवरच नोकरीला लागेल तो, साइट न पाहताच बाहेर पडेल. त्याच्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत निदान आठ आठवडे सक्तीचे करा.

सत्र निवडताना एक विनंती. शक्य तिथे आठवं सत्र द्या. जानेवारी ते मे हा आपल्याकडे बांधकामाचा भर असतो. खोदाईपासून दोन-तीन स्लॅबपर्यंत सगळं त्या महिन्यांत पाहायला मिळतं. सातवं सत्र पावसात निघून जातं, आणि पाया घेण्याचं काम बहुतेक ठिकाणी तेव्हा थांबलेलं असतं. ज्यांना सातवंच द्यावं लागेल त्यांनी मुलांना पूल, मोऱ्या आणि रस्त्यांच्या देखभालीवर पाठवावं. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं ते पाहायला तोच काळ चांगला.

माझ्याकडून जे होईल ते सांगते. येत्या जानेवारीपासून माझ्या देखरेखीखालच्या कामांवर चार विद्यार्थी घेईन, त्यांत दोन मुली. मिरजेतलं काम काळ्या मातीवरचं आहे, रत्नागिरीतलं समुद्राजवळचं. दोन-दोन महिने दोन्हीकडे. स्टायपेंड आणि राहण्याची सोय मी करेन, विमा कॉलेजने उतरवावा. सकाळी आठला साइटवर हजर राहायचं, डायरी रोज संध्याकाळी मला किंवा साइट इंजिनिअरला दाखवायची. शेवटी तुमचा परीक्षक साइटवर येणार असेल तरच मी गुणांच्या कागदावर सही करेन. माझ्या ओळखीच्या काही कन्सल्टंटांनी आणि ठेकेदारांनीही हीच तयारी दाखवली आहे. ज्या अभ्यासमंडळाला ही व्यवस्था लेखी स्वरूपात हवी असेल त्यांनी दिवाळीच्या आत कळवावं, म्हणजे सत्र सुरू होण्याआधी करार, विमा आणि डायरीचा नमुना, तिन्ही तयार ठेवता येतील.

आपली नम्र,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर,
सांगली